दोराच्या मागे बसलेला

दोष वासभाचा होता. सोणकाचा नव्हता, दोराचा नव्हता, आणि खडकाचा तर मुळीच नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हातारी माणसं अशी गोष्ट सांगायला बसली की शेवटी दोष कोणाचाच उरत नाही, सगळं नशिबाच्या माथी जातं.

शास्त्यांनी, म्हणजे भिक्षुसंघाच्या गुरूंनी, ही कथा सांगितली ती एका हरवलेल्या चीवरावरून, भिक्षूच्या अंगावरच्या वस्त्रावरून. उत्तिय नावाचा एक भिक्षू होता. संघात येण्याआधी त्याने काही वर्षं कारागृहात काढली होती, आणि ते कोणी विसरलं नव्हतं. वडीलधारे भिक्षू त्याच्याशी गोड बोलत, पण भांडाराची किल्ली त्याच्या हाती देत नसत. अजून थोडे दिवस जाऊ देत, म्हणत. एके दिवशी एक चीवर सापडेना. कोणी काही बोललं नाही. सगळ्यांनी फक्त एकदा उत्तियाकडे पाहिलं. संध्याकाळी ते चीवर झाडामागे सापडलं, वाऱ्याने उडून पडलेलं. तेव्हाही कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी शास्त्यांनी सगळ्यांना बोलावलं, उत्तियाला पुढे बसवलं आणि पूर्वजन्मीची ही कथा सांगितली.

पूर्वी अस्मक देशात, काळ्या कातळावर वसलेल्या शिलापूर नगरात एक राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व विहिरी खोदणाऱ्यांच्या घरी जन्माला आला होता. त्याचं नाव नीलक. शिलापूरला नदी नव्हती. माणसं, गुरं, राजाचे हत्ती, सगळे विहिरीचं पाणी पीत, त्यामुळे विहिरी खोदणाऱ्यांना नगरात मान होता. त्यांची एक आळी होती आणि त्यांची स्वतःची श्रेणी होती, म्हणजे एका धंद्यातल्या लोकांनी आपल्यापुरती बांधलेली संघटना. श्रेणीचे पंच होते आणि पंचांचा ज्येष्ठ होता वासभ. त्याला सगळे आबा म्हणत.

या लोकांत एक रीत होती. विहिरीत उतरणारा माणूस काठावर उभा राहून एक नाव घेई. ज्याचं नाव घेतलं त्याने दोर हाती घ्यायचा, आणि खालचा माणूस वर येईपर्यंत त्या दोराला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही. दोर दोन खांबांवरच्या आडव्या लाकडावरून खाली जाई. खालचा माणूस त्याला कमरेशी बांधलेला असे. घणाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून सगळं बोलणं दोरातून चाले. एक हिसका म्हणजे ढील दे. दोन हिसके म्हणजे वर ओढ. दोर धरणाऱ्याने नजर विहिरीवरून काढायची नाही, मागे वळून पाहायचं नाही. खाली एक माणूस त्याच्या भरवशावर लोंबकळतोय, त्याला मागचं काय करायचंय?

ज्याचं नाव एकदा कोणीतरी काठावरून घेतलं, तो श्रेणीतला झाला. ज्याचं कोणी घेतलं नाही, तो आळीत जन्मला असला तरी कोणी नव्हता.

सोणक याच आळीतला. त्याने चोरी केली होती, ते लपवायचं काही कारण नाही. दुष्काळाच्या साली त्याने राजाच्या कोठाराला मागून भगदाड पाडलं. कातळ फोडणाऱ्याला मातीची भिंत ती काय! धान्याची पोती त्याने आळीत वाटली. सगळी वाटली असंही नाही. काही बाहेर विकली आणि त्याची दारू प्यायला. पण त्या साली आळीत ज्या चुली पेटत होत्या त्या त्या धान्यावर पेटत होत्या, आणि त्यांत पंचांच्याही चुली होत्या. राजाचे शिपाई आले तेव्हा पंच म्हणाले, आम्हाला काही ठाऊक नाही. ते म्हणताना त्यांच्या मिशांना त्याच भाकरीचा चुरा होता. सोणकाने कोणाचं नाव सांगितलं नाही. तो एकटा गेला.

पुष्कळ वर्षांनी राजाला मुलगा झाला आणि त्या आनंदात कारागृहातली काही माणसं सुटली. त्यांत सोणक होता. पायांतल्या बेड्या निघाल्या होत्या, पण पाऊल अजून बेडीच्या साखळीइतकंच पडत होतं. मोठी टांग टाकायला तो विसरून गेला होता. तो आळीत शिरला तेव्हा कट्ट्यावरचं कोणीतरी म्हणालं, "आले का राजाचे पाहुणे? पाहुणचार बरा झालेला दिसतोय." बाकीचे हसले. सोणक मान खाली घालून पुढे गेला आणि आपल्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

दार सताड उघडं होतं. त्याची आई सामा आत चुलीशी बसली होती. बऱ्याच वेळाने तिचं लक्ष गेलं.

"कधीचा उभा आहेस?"

"झाला थोडा वेळ."

"मग आत का नाही आलास?"

तुरुंगात दार दुसरा उघडतो आणि आत हो म्हणून दुसराच सांगतो. आपण पाऊल उचलायचं असतं हे सोणकाच्या अंगातून निघून गेलं होतं. सामाने उठून त्याचा हात धरला आणि त्याला आत घेतलं. त्या दिवसापासून तो बाहेर गेला की तो परत यायच्या सुमारास ती दाराशीच काहीतरी निवडत बसे.

राजाचा नियम असा होता की सुटलेल्या माणसाला पावसाळा लागायच्या आत कुठल्यातरी श्रेणीने नव्याने आपला म्हणावं. कोणीच म्हटलं नाही तर त्याला दगडाच्या खाणीवर धाडावं. खाणीवरून माणूस परत आल्याचं शिलापुरात कोणाला आठवत नव्हतं. तेव्हा सोणकाला हवं होतं ते एवढंच: पाऊस पडायच्या आत कोणीतरी काठावर उभं राहून त्याचं नाव घ्यायला हवं होतं.

तो पंचांकडे गेला. पंच त्याला नाही म्हणाले नाहीत. ही माणसं नाही म्हणतच नाहीत. वासभाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला की आपलंच पोर आहे, पण अंगावर बेडीचा दोष आहे, गोदावरीवर जाऊन केस उतरवून स्नान करून ये. गोदावरी काही जवळ नव्हती. सोणक आपल्या आखूड पावलांनी गेला, स्नान करून आला. मग पंच म्हणाले की श्रेणीला जेवण घालायला हवं, अशी रीत आहे. सामाने दाराशी बांधलेली दुभती शेळी विकून जेवण घातलं. पंच जेवले. पोट भरेस्तोवर जेवले, पुन्हा वाढून घेतलं, सामाच्या हाताला चव आहे असंही म्हणाले. मग हात धुऊन वासभ म्हणाला, "आता सगळं रीतसर झालं. थोडे दिवस जाऊ देत. बघू या."

"आबा, पाऊस तोंडावर आलाय," सोणक म्हणाला.

"म्हणून काय घाई करायची? घाईनेच तुझं वाटोळं झालं ना?"

थोडे दिवस गेले. रोज कुठल्या ना कुठल्या विहिरीच्या काठावर नावं घेतली जात होती आणि सोणक लांब उभा राहून ऐकत होता. त्याच्या बरोबरीचे, त्याने ज्यांच्या घरी पोतं टाकलं होतं ते, उतरण्याआधी त्याच्यावरून नजर फिरवीत आणि दुसऱ्याच कोणाचं तरी नाव घेत. त्यांच्याही घरी बायका होत्या, पोरं होती. भीती वाटणं काही पाप नाही. पण त्यांतला एकही जण त्याच्यापाशी येऊन, मला भीती वाटते, असं बोलला नाही. सगळे म्हणत, पंचांनी सांगायला हवं. आणि पंच म्हणत, लोकांची तयारी हवी.

एकदा कारागृहाचा पहारेकरी आळीतून चालला होता. सोणक दिसल्यावर तो थांबला आणि अगदी मायेने म्हणाला, "अजून जागा रिकामीच आहे रे तुझी." शिलापुरात आपली जागा कुठे आहे हे सोणकाला त्या दिवसापर्यंत एवढ्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणी सांगितलं नव्हतं.

याच सुमारास राजाने हत्तीखान्यात नवी विहीर खणायला सांगितली. जागा वाईट होती. वर मुरूम, खाली भेगाळलेला कातळ. अशा विहिरीत आधी उतरायचं काम नीलकाचं, म्हणजे बोधिसत्त्वाचं. कातळावर हात ठेवून त्याला भेग कुठे जाईल ते कळे. वासभ थकला होता आणि त्याच्यामागे ज्येष्ठपण नीलकाकडे जाणार हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. वासभाने त्याला बोलावून तसं सांगितलंही. फक्त दोराला आपला पुतण्या मकुल असावा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मकुल धट्टाकट्टा होता, पोराबाळांचा होता, घरचा होता. नीलक त्यावर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

त्या संध्याकाळी तो सोणकाच्या घरी आला. सोणक अंगणात होता.

"दोर धरशील?" नीलकाने विचारलं.

सोणकाला आधी कळेना. मग कळलं, तेव्हा तो म्हणाला, "दादा, मला कोणी सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. आईला विचार. खाली तू हिसका दिलास आणि मी वर नुसता उभा राहिलो तर?"

"हिसका म्हणजे सांगणंच की."

"आणि नाहीच हललो तर?"

"तर मी मरेन," नीलक म्हणाला. "तुला काय वाटतं, हलशील?"

सोणकाला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सगळ्यांनी त्याला, तू पुन्हा चोरी करशील का, एवढंच विचारलं होतं, तेही डोळ्यांनी. शेवटी तो म्हणाला, "हलेन."

दुसऱ्या दिवशी हत्तीखान्यात सगळी श्रेणी जमली. नवीन विहिरीला पहिल्यांदा उतरायचं तेव्हा सगळे जमत. नीलकाने कमरेला दोर बांधला, काठावर उभा राहिला आणि म्हणाला, "दोर सोणक धरील."

मकुल दोराकडे निघाला होता, तो अर्ध्यावरच थांबला. वासभ पुढे आला.

"पोरा, हा खेळ नाही. विचार केलास?"

"केला, आबा."

"तुझ्या बायकोने केला?"

"तिला ठाऊक आहे. कालपासून बोलत नाहीये माझ्याशी."

थोडं हसू उठलं आणि विरलं. वासभ म्हणाला की पंचांनी अजून ठरवलेलं नाही. नीलक म्हणाला की पंचांनी ठरवायचंच नसतं. नाव उतरणाऱ्याने घ्यायचं, ही रीत त्याला लहानपणी शिकवली ती आबांनीच. आयुष्यभर रीत रीत करत आलेल्या माणसाला भर लोकांत रीत मोडता येत नाही. तो बाजूला झाला आणि सोणकाने दोर हाती घेतला. त्याचे तळवे घामाने ओले झाले होते. त्याने ते मातीत चोळले आणि पुन्हा दोर धरला.

रीत मोडता येत नाही ती समोरून. मागून येते. दोर सोणकाच्या हातातून निघून त्याच्या पाठीमागे वेटोळं होऊन पडलेला असे, आणि त्या वेटोळ्याच्याही मागे विहिरीतून काढलेल्या दगडमातीचा ढीग होता. वासभाने मकुलाला त्या ढिगाआड बसवलं आणि दोराचं शेपूट त्याच्या हातात दिलं. सोणकाच्या हातून दोर सुटला तर मागे कोणीतरी असावं, म्हणाला. सोणक मागे वळून पाहणार नाही हे त्याला ठाऊक होतं, कारण दोर धरणारा मागे पाहत नाही. वासभाला हे मोठं शहाणपण वाटलं. नीलकाचा जीव वाचवतोय असं त्याला खरोखरच वाटत होतं. त्याने ते खाली उतरणाऱ्याला मात्र सांगितलं नाही.

काम सुरू झालं. नीलक रोज उतरे, रोज सोणकाचं नाव घेई. पहिले काही दिवस सोणकाला घरी भाकर गिळवेना, हातांत सारखा दोरच असल्यासारखं वाटे. मग हळूहळू तो दोर त्याला कळायला लागला. नीलक घण उचलतोय, दम घेतोय, कुशीवर झालाय, सगळं त्याला बोटांत कळे. खालून एक हिसका आला की त्याचे हात त्याच्या आधी हलत. विहीर खोल गेली, माती संपली, कातळ लागला. वर येऊन नीलक एकदा म्हणाला की तुझ्या दोरावर झोप लागेल. सोणक त्या दिवशी घरी आला तेव्हा सामा दाराशी डाळ निवडत बसली होती. तो तिच्या बाजूने सरळ आत गेला, आणि आत गेल्यावर त्याला कळलं की आपण थांबलो नाही. सामा डाळ निवडत राहिली. तिने तोंड दुसरीकडे केलं होतं.

आणि रोज ढिगाआड मकुल शेपूट धरून बसे. कधी पेंगे. कधी ते पायाच्या अंगठ्यात धरून सुपारी कातरे.

पाऊस जवळ आला होता तेव्हाची गोष्ट. विहिरीच्या मध्यावर कातळाचा एक फुगवटा बाहेर आला होता. नीलक त्याच्या शेजारी लोंबकळत त्याला छिन्नी लावत होता. खाली, तळाशी, एका बाजूला कपार होती, माणूस आत सरकेल एवढी. फुगवटा अचानक आवाज करू लागला. नीलकाला तो आवाज माहीत होता, कातळ सुटायला लागल्याचा. ढील मिळाली तर तळाशी उतरून कपारीत शिरता येणार होतं. त्याने दोराला एक हिसका दिला.

सोणकाने ढील दिली. हिसका त्याच्या बोटांत आला आणि बोटं सैल झाली, यात क्षणाचाही खोळंबा नव्हता. दोर त्याच्या हातांतून सरसर निघाला. मागे ढिगाआड मकुलाला एवढंच कळलं की शेपूट आपल्या हातातून पळतंय. त्याला वाटलं, सोडला याने, शेवटी सोडलाच. त्याने शेपटाचा वेढा एका धोंड्याला मारला आणि पाय रोवून मागे झोकून दिलं. जे करायला त्याला बसवलं होतं तेच त्याने केलं.

दोर ताठ झाला आणि थांबला. खाली नीलक अर्ध्यात अडकला. फुगवटा सुटला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कातळात चेचला गेला.

सोणकाने त्या दिवशी रीत मोडली. त्याने मागे वळून पाहिलं. ढिगाआडून मकुल अर्धवट उठला होता, दोर अजून त्याच्या मुठीत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सोणकाने आपल्या हातातला दोर खांबाला पक्का बांधला आणि विहिरीच्या भिंतीतल्या खोबणींत पाय देत खाली उतरू लागला. उतर म्हणून त्याला कोणी सांगितलं नव्हतं. खोबणी मोठ्या टांगेच्या होत्या. त्याने त्या टांगा टाकल्या.

नीलक शुद्धीवर होता. सोणकाने पहारीने त्याच्या पायावर अडकलेला धोंडा रेटला, तो तळाशी गेला. मग धोतर फाडून त्याने पाय आवळून बांधला. आता वर ओढायला माणूस हवा होता. वर माणसं धावत जमली होती, ज्याला त्याला दोराला हात घालायचा होता. नीलक दातओठ खात म्हणाला, "नाव घे."

"मी?"

"नाव उतरणाऱ्याने घ्यायचं. उतरलास तू."

सोणकाने वर पाहिलं. आभाळाच्या लहानशा तुकड्याभोवती डोकीच डोकी दिसत होती. त्याला सर्वांत ताकदीचे हात कोणाचे ते ठाऊक होतं, आणि ते हात आत्ता सर्वांत जास्त थरथरत असतील हेही ठाऊक होतं.

"मकुला, दोर तू धर," तो ओरडला. "आणि तुझ्या मागे कोणी बसू नका."

मकुलाने दोर धरला. तो रडत होता, पण हात सुटले नाहीत. आधी नीलक वर आला, मग सोणक.

वैद्याने पाय गुडघ्याखाली कापला. राजाच्या विहिरीवर माणूस पडला म्हणजे राजाचा अधिकारी चौकशीला येणार हे ठरलेलं होतं. तो यायच्या आत वासभ नीलकाच्या घरी आला. सोणक नीलकाच्या दाराबाहेर उभा होता. त्या दिवसापासून त्याची जुनी खोड परत आली होती. दार उघडं होतं आणि त्याला आत जाता येत नव्हतं. वासभ त्याच्या बाजूने, त्याच्याकडे न पाहता आत गेला. आतलं सगळं सोणकाला ऐकू येत होतं.

वासभ म्हणाला की झालं ते वाईट झालं. पण आता पुढचं बघायला हवं. ज्येष्ठपणाला पाय लागत नाही, बसून करायचं काम आहे, ते नीलकाचंच आहे. मकुलाला चार पोरं आहेत. आणि श्रेणीने दोराला दोघांचे हात लावले हे राजाला कळलं तर हत्तीखान्याची विहीर जाईल, पुढच्याही जातील, आळी काय खाईल? अधिकारी एवढंच विचारणार आहे की दोर कोणाच्या हातात होता.

"दोर सोणकाच्या हातात होता," वासभ म्हणाला. "यात खोटं काय आहे? सगळ्यांनी पाहिलंय. तू नुसतं हो म्हण. त्याला काय, तुरुंगाची सवय आहे."

बाहेर सोणक भिंतीला टेकला. त्याला वाटलं की नीलक हो म्हणाला तर आपण त्याला दोष देणार नाही. पाय गेलेल्या माणसाने ज्येष्ठपणही सोडावं, असं कोणाला कसं म्हणता येईल? मग त्याला नीलकाचा आवाज आला, नेहमीसारखाच, थोडा दमलेला.

"आबा, त्या साली त्याने आणलेलं धान्य तुमच्या घरी दळलं गेलं. तेव्हा तो तुमच्यासाठी गप्प राहिला. आता पुन्हा त्यालाच गप्प बसवताय. तुम्हाला दुसरं कोणी सापडत नाही का?"

"मी सगळ्यांचं भलं बघतोय."

"मी त्याला भर लोकांत नाव घेऊन दोर दिला. तुम्ही मकुलाला नाव न घेता दिलात. माझा पाय तुम्ही दिलेल्या दोरावर गेला." मग तो जरा मोठ्याने म्हणाला, "सोणका, बाहेर काय उभा आहेस? अधिकारी आला की त्याला आत घेऊन ये. आणि तूही इथेच बस."

अधिकारी आला. नीलकाने खाटेवर पडल्या पडल्या घडलं तसं सांगितलं, काही वाढवलं नाही. मकुलाला विचारलं तेव्हा त्यानेही तेच सांगितलं. वासभाने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, तरी सांगितलं. बाकीचे पंच म्हणाले की आम्हाला काही ठाऊक नाही. तेवढं त्यांना पाठ होतं.

सोणक खाणीवर गेला नाही. वासभाचं ज्येष्ठपण काढून घेतलं गेलं. हत्तीखान्याची विहीर दुसऱ्या गावच्या लोकांनी पुरी केली, आणि त्या उन्हाळ्याची उरलेली कामंही त्यांनाच गेली. यासाठी आळीने दोष दिला तो नीलकाला. घरचं भांडण अधिकाऱ्यापुढे नेलं, म्हणाले. ज्येष्ठपण दुसऱ्याच कोणाला दिलं, जो काही बोलत नसे. पुढच्या उन्हाळ्यात पहिली विहीर खणायला घेतली तेव्हा मकुल काठावर उभा राहिला आणि त्याने सोणकाचं नाव घेतलं. त्याआधी त्याने स्वतः ढिगामागे जाऊन पाहिलं होतं.

कथा संपवून शास्त्यांनी समोर बसलेल्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तेव्हाचा सोणक म्हणजे आजचा हा उत्तिय. सामा म्हणजे त्याची आजचीही आई, जी विहाराच्या फाटकाशी येऊन त्याची चौकशी करून जाते आणि जिला तुमच्यापैकी कोणी बस म्हणत नाही. मकुल म्हणजे तो भिक्षू, ज्याने काल झाडामागे जाऊन चीवर शोधलं. तेव्हाचे पंच, भिक्षूंनो, आत्ता माझ्यासमोर पुढच्या रांगेत बसले आहेत. आणि विहिरीत उतरणारा नीलक तो मीच होतो. हे दुसऱ्यावर भरवसा टाकण्याचं दान आहे. धान्य देणं सोपं, वस्त्र देणं सोपं. शिक्षा भोगून आलेल्याच्या हाती आपला दोर द्यायचा आणि मागे कोणाला बसवायचं नाही, याला मी करुणा म्हणतो."

मग पुढच्या रांगेतला सर्वांत वृद्ध भिक्षू, ज्याच्या कमरेला भांडाराची किल्ली होती, हात जोडून म्हणाला, "भगवन्, अशा कथांत शेवटी देवराज शक्र येतो, सत्त्वाची परीक्षा झाली असं सांगतो आणि गेलेलं अंग परत देतो. त्या पायाचं पुढे काय झालं?"

"शक्र आला नाही," शास्ते म्हणाले.

मग ते म्हणाले, "नीलक पुढे पुष्कळ वर्षं जगला. तो इतरांच्या छिन्न्यांना धार लावून देत असे. पाय गेला, ज्येष्ठपण गेलं, आणि तो पुन्हा कधी विहिरीत उतरला नाही."